तिसऱ्या फेरीतला सातवा लोलक

पाटोच्या कचेरीत पंखा होता, वारा नव्हता.
बाकावर आम्ही अकरा जण,
प्रत्येकाच्या मांडीवर खात्याची पुस्तिका.
पान चौदाला कदंब, एकोणीसला आदिलशाही,
त्यापुढे सगळं पोर्तुगीजांचं, थेट परिशिष्टापर्यंत.
शेजारी मडगावचा रेमेजियो, टॅक्सीवाला,
पंधरा वर्षं पाहुण्यांना एक भुयार दाखवतोय
जे म्हणे समुद्राला मिळतं.
"भुयार पुस्तिकेत नाही गो," तो कुजबुजला,
"आता लोकांना काय दाखवू?"
मी म्हटलं, विहीर दाखव. विहिरी पुष्कळ आहेत.

प्रमिला दत्ता वेळीप, राहणार चांदर.

टेबलामागे तिघं. मधले निवृत्त प्राध्यापक.
त्यांनी भाटकारांच्या घरांपासून सुरुवात केली.
बाल्कांव कशासाठी?
समोरासमोर दोन बाकं, सर, संध्याकाळचं वारं,
येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी.
पायरीखाली उभं राहून वर बघत बोललं
की मान दुखते, हे सांगितलं नाही.
पुस्तिकेत मानेचा उल्लेख नाही.
शिंपल्यांच्या खिडक्या?
उजेड येतो, ऊन येत नाही.
नाचाच्या दालनातली झुंबरं?
बेल्जियमची.
सगळे लोलक मूळचे?

इथे मी थांबले.

आई त्या घरची मुंडकार.
फेस्ताच्या आदल्या आठवड्यात
दोरखंडाने मोठं झुंबर खाली यायचं,
हळूहळू, गाभण गाय बसावी तसं.
चादर पसरून आई लोलक उतरवायची,
रिठ्याच्या पाण्यात बुडवायची,
मी मोजायची. तीनशे बारा.
शंभराच्या पुढचे आकडे मला शाळेने शिकवले नाहीत.

एका वर्षी एक निसटला.
आवाज एवढासाच, बांगडी फुटावी इतका.
आईने तुकडे ओच्यात घेतले
आणि बराच वेळ काहीच केलं नाही.
मग न्हाणीघराच्या कचऱ्यातून
भाटकारणीच्या अत्तराच्या बाटलीचं बूच काढलं,
काचेचं, पैलू पाडलेलं,
तारेने बांधलं.
तिसऱ्या फेरीत, खिडकीकडून सातवं.
झुंबर वर गेलं, नाच झाला,
त्या रात्री आई जेवली नाही.
भाटकार गेला, भाटकारीण गेली, आईही गेली.
बूच आहे.

प्राध्यापकांचं पेन कागदावर टेकलेलं.
होय सर, मी म्हटलं. सगळे मूळचे.
त्यांनी खूण केली. बरोबरची.

लायसन्सच्या बिल्ल्याला निळी फीत.
फोटोत मी चोरी करताना सापडल्यासारखी.

पहिल्या दिवशी नागपूरचे बावीस पाहुणे.
त्यांना घेऊन निघाले आणि पाय आपोआप वळले
फणसाखालून, राखेच्या ढिगाशेजारून,
'फाटल्या दारान यो गो' म्हणायला
आता तिथे कुणी नव्हतं तरी.
बावीस जण माझ्यामागे निमूट.
त्यांना वाटलं, रस्ता हाच असेल.
दाराशी पोचल्यावर मला कळलं.
"आधी स्वयंपाकघर बघायचं असतं," मी म्हटलं,
आणि एका आजोबांनी वहीत लिहूनही घेतलं.

मग दालन. मग बेल्जियम.
सगळ्यांचे मोबाइल वर.
एक मुलगी, पुढचा दात पडलेला,
माझा पदर ओढून म्हणाली,
"मावशी, त्यातला एक वेगळाच चमकतोय."
तिच्या आईने तिला दटावलं.

खात्याने सांगितलंय, प्रश्न टाळू नये.
मी खाली वाकले.
"कितवा गं?" मी विचारलं.

ती मोजायला लागली, ओठ हलवत,
मध्येच चुकली, पुन्हा एकपासून.
बाकीचे पुढच्या खोलीकडे सरकू लागले.
मी हलले नाही.